मामाची निळी बीएमएक्स

शनिवारची सकाळ. तुम्ही काय करता? उशिरा उठता, मिसळीच्या रांगेत उभं राहता, नाहीतर मल्टिप्लेक्सचा अॅप उघडून 'काय लागलंय' बघता. गेल्या वर्षी मीही हेच करायचे. मग एका शनिवारी दौंडहून मामाचा फोन आला, ''माळा साफ करतोय. तुझी सायकल भंगारात देऊ का?''

माझी सायकल! म्हणजे खरं तर दादाची. दादा म्हणजे मामाचा मुलगा. पण त्यानं सोडल्यावर दोन मे महिने ती माझ्या ताब्यात होती, आणि ताबा म्हणजे मालकी हा आमच्या घरातला जुना कायदा. मी म्हटलं, ''मामा, हात लावू नका. आलेच.'' खराडीहून निघाले आणि दीड-दोन तासांत दौंड.

दौंड तुम्हाला माहीत असतं ते बहुतेक गाडीच्या खिडकीतून. १८७८ मध्ये मनमाडकडे जाणारी लाइन सुरू झाली, तेव्हापासून हे जंक्शन. मामा रेल्वेत फिटर होता. रिटायर होऊन अठरा-वीस वर्षं झाली, तरी खिशात अजून छोटा स्क्रू-ड्रायव्हर असतो. माळ्यावरून त्यानं पोत्यात गुंडाळलेली वस्तू खाली दिली आणि मी दोन मिनिटं काहीच बोलले नाही.

वीस इंची चाकं. हँडलच्या मधोमध आडवी दांडी, तिच्यावर फोमचा फाटका पॅड. गंजलेला क्रोम. आणि ब्रेकची लिव्हर, रिम, सीटचा क्लॅम्प या सगळ्यांवर एक विचित्र, विटका, जांभळट रंग. १९८६ मध्ये मामीचा भाऊ मस्कतहून आला तेव्हा ही सायकल घेऊन आला होता. आख्ख्या रेल्वे कॉलनीत बाकी सगळ्यांकडे काळी घोडा सायकल, म्हणजे नळीमधून पाय घालून हाफ पायडल मारायची. आणि दादाकडे ही! काय रुबाब असेल, विचार करा.

बीएमएक्स म्हणजे काय भानगड?

बायसिकल मोटोक्रॉसचं लघुरूप ते बीएमएक्स. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं मोटरसायकलींच्या मोटोक्रॉस शर्यती बघून आली आणि आपल्या लहान चाकांच्या सायकली मातीच्या ट्रॅकवर घालायला लागली. एवढीच तिची जन्मकथा. १९८२ च्या 'ई.टी.' सिनेमात पोरं पोलिसांना चकवून पळतात त्या याच सायकली. त्या कुवाहारा या जपानी कंपनीच्या होत्या. २००८ मध्ये बीजिंगला बीएमएक्स रेसिंग थेट ऑलिम्पिकमध्ये पोहोचलं.

त्या काळातल्या बीएमएक्सची एक खूण म्हणजे रंगीत धातू. लाल, सोनेरी, निळा. ऑइलपेंट नव्हे, ज्याच्या आत धातूची चमक दिसते असा रंग. दादाच्या सायकलवर डाया-कॉम्पेचे जपानी ब्रेक होते आणि अराया कंपनीच्या रिम. दोन्ही निळी. हा रंग म्हणजे अॅनोडायझिंग. आज जगभर जुन्या बीएमएक्स शोधून, पार्ट जमवून, त्यांना पुन्हा तोच रंग चढवणारे चक्रम आहेत. मी त्यांच्यात सामील व्हायचं ठरवलं. निमित्त होतं: दिवाळीत दादा मेलबर्नहून येणार होता, सोबत त्याचा दहा वर्षांचा मुलगा. मामाचं म्हणणं एकच, ''नातवाला नवीकोरी वाटली पायजे.''

हाती चार महिने. म्हटलं, सोप्पंय!

चुंबक आणि क्लॅम्पखालचा निळा

पहिला धडा मामानं दिला. त्यानं पेटीतून लोहचुंबक काढलं आणि एकेका पार्टला लावत गेला. चिकटला, तो लोखंड-पोलादाच्या ढिगात. नाही चिकटला, तो अॅल्युमिनियमच्या. हँडल, फोर्क, क्रँक, फ्रेम एकीकडे. लिव्हर, रिम, क्लॅम्प दुसरीकडे. कारण या दोन ढिगांचं पुढचं आयुष्य पूर्ण वेगळं असतं. पोलादाला क्रोम होतो, झिंक होतो, पावडर कोटिंग होतं. आपण बोलतोय ते अॅनोडायझिंग पोलादाचं होत नाही. कितीही पैसे मोजा.

दुसरा धडा सायकलनंच दिला. सीटचा क्लॅम्प खोलला आणि आतल्या बाजूला, जिथं अडतीस वर्षांत ऊन पोहोचलंच नव्हतं, तिथं निळा रंग जसाच्या तसा होता. मोरपिशी म्हणावा असा गडद. बाहेर त्याचाच झाला होता विटका जांभळा. अॅनोडायझिंगमधले बरेचसे रंग सेंद्रिय डाय असतात आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी ते हळूहळू मोडतात. म्हणजे खरा रंग कोणता होता, याचा पुरावा नेहमी झाकलेल्या जागी सापडतो. मी त्या आतल्या निळ्याचा फोटो काढून फोनचा वॉलपेपर केला. ऑफिसात सगळ्यांना वाटलं, मी समुद्रकिनाऱ्यावर जाऊन आले.

कल्हई वेगळी, हे वेगळं

आता थोडा शास्त्राचा तास. कंटाळू नका, यातच सगळी मेख आहे.

आजीच्या पितळेच्या पातेल्याला कल्हई होताना कुणी पाहिलीय? भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, कथील फिरवायचं. पांढरा धूर आणि आत चंदेरी लखलखाट. कल्हई म्हणजे एका धातूवर दुसऱ्या धातूचा पातळ थर. दागिन्यांचं गिलीट तेच, हँडलचा क्रोम तेच. मुलामा! आत एक, बाहेर दुसरं. मुलामा उडाला की पुन्हा चढवता येतो.

अॅनोडायझिंग मुलामा नाही. अॅल्युमिनियमचा पार्ट सल्फ्युरिक अॅसिडच्या पातळ द्रावणात, साधारण १५ ते २० टक्क्यांच्या, बुडवतात. तापमान २० अंशांच्या आसपास ठेवतात. त्यातून १२ ते १८ व्होल्टचा डीसी करंट सोडतात. पार्ट विजेच्या धन टोकाला, म्हणजे अॅनोडला, जोडलेला असतो, म्हणून हे नाव. होतं काय, तर पार्टचा पृष्ठभाग स्वतःच बदलतो. अॅल्युमिनियमचं अॅल्युमिनियम ऑक्साइड बनतं, आणि हा थर मूळ धातूपेक्षा कितीतरी कठीण असतो. बाहेरून काही चिकटवलेलं नसतं. नेहमीच्या प्रकारात या थराचा सुमारे दोन तृतीयांश भाग मूळ धातूच्या आत असतो आणि एक तृतीयांशच वर येतो. म्हणजे धातू खर्ची घालूनच ही कातडी तयार होते.

या कातडीला असंख्य सूक्ष्म छिद्रं असतात. रंग त्या छिद्रांत बसतो. पार्ट साधारण ६० अंशांच्या डायच्या टाकीत बुडवायचा आणि मग जवळजवळ उकळत्या पाण्यात ठेवायचा. त्या पाण्यात ऑक्साइड फुगतो, छिद्रांची तोंडं मिटतात आणि रंग आत कोंडला जातो. याला सीलिंग म्हणतात. सगळा थर मिळून ५ ते २५ मायक्रॉन. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, त्यावरून अंदाज करा. तुमच्या किचनमधली काळी-करडी हार्ड अॅनोडाइज्ड कढई याच घराण्यातली, फक्त तिथं द्रावण जवळजवळ बर्फाइतकं थंड ठेवून थर आणखी जाड वाढवतात. फंडा जुना आहे: १९२३ मध्ये ब्रिटनमध्ये समुद्री विमानांचे पार्ट खाऱ्या पाण्यात सडू नयेत म्हणून क्रोमिक अॅसिडची पद्धत आली आणि चार वर्षांनी, १९२७ मध्ये, सल्फ्युरिकची.

आता मेख. जुना विटका रंग काढून नवा चढवायचा, तर जुनी कातडी आधी काढावी लागते. त्यासाठी कॉस्टिक सोडा. आणि कातडी धातूचीच बनलेली असल्यामुळे ती काढली की धातूच कमी होतो. शिवाय कॉस्टिकला ऑक्साइड कुठं संपलं आणि अॅल्युमिनियम कुठं सुरू झालं याच्याशी देणंघेणं नसतं. ते खात सुटतं. कल्हई दहा वेळा करा, पातेलं तेवढंच राहतं. अॅनोडायझिंग दर वेळी मूळ पार्टमधून थोडं घेऊन जातं.

हे मला वाचून माहीत होतं. कळलं मात्र नंतर.

''ओतणार कुठं?''

सुरुवातीला माझा बेत घरीच सगळं करण्याचा होता. गाडीच्या बॅटरीचं अॅसिड, बॅटरी चार्जर, प्लास्टिकची बादली. अमेरिकेतले लोक गॅरेजमध्ये करतात, मग आपण शिरूरला आईच्या मागच्या अंगणात का नाही? मी मोठ्या उत्साहानं मामाला प्लॅन सांगितला. त्यानं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, ''झाल्यावर ओतणार कुठं?''

मी गप्प.

शिरूरचं जुनं नाव घोडनदी. गावाला नदीचंच नाव! इकडे दौंड भीमेच्या काठावर. दौंड तालुक्यात कुरकुंभला केमिकलची एमआयडीसी आहे, आणि तिथल्या आसपासच्या गावांना सांडपाणी हा विषय कुणी समजावून सांगावा लागत नाही. विहिरीच्या पाण्याचा वास कसा बदलतो ते त्यांना पाठ आहे. मामाचा एक जुना सहकारी त्याच भागातला. तेव्हा अॅसिड, त्यात विरघळलेला धातू, उरलेला डाय हे सगळं मागच्या अंगणातल्या मोरीत सोडायचं हे 'कूल' नव्हतंच. शिवाय करंट चालू असताना दुसऱ्या टोकाला हायड्रोजन वायू निघतो, अॅसिडचे बारीक तुषार हवेत उडतात. बंद खोलीत हा प्रकार करणं म्हणजे सरळ आत्मघात.

कारखान्यांना हे सगळं नियमात करावं लागतं. धातूवरच्या प्रक्रियेतून निघणारा गाळ २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतो. तो कुठेही टाकता येत नाही. पुणे जिल्ह्यातला असा कचरा स्वीकारणारं सामाईक केंद्र शिरूर तालुक्यातच, रांजणगावच्या एमआयडीसीत आहे. आपल्या महागणपतीच्या रांजणगावात! लहानपणापासून तिथं मोदक खायला जात होते. मागे ही दुसरी दुनिया आहे, ते पत्ताच नव्हता.

''मॅडम, लॉट आहे का?''

मग सुरू झाली जॉबवर्कवाल्यांची शोधमोहीम. रांजणगाव, सणसवाडी, मग पार भोसरीपर्यंत. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न तोच: ''मॅडम, लॉट आहे का?'' यांचा धंदा हजारांच्या हिशेबात. मी जाणार पिशवीतून पाच पार्ट घेऊन. एकानं तर पिशवीत डोकावून विचारलं, ''बाकीचा टेम्पो मागून येतोय का?''

पोलादाचं काम त्यामानानं पटकन जमलं. फ्रेमच्या मागच्या फोर्कच्या टोकाला, जिथं चाकाचा अॅक्सल बसतो, तिथं बारीक तडा होता. शिरूरचा एक फॅब्रिकेटर मिळाला, पाबळच्या विज्ञान आश्रमात शिकलेला. पाबळ आमच्याच तालुक्यातलं. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये तिथं हातानं काम करत शिकण्याची शाळा उभी केली. २००२ मध्ये तिथंच फॅब लॅब सुरू झाली. अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरच्या जगातल्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ती एक. त्या पठ्ठ्यानं तडा आधी संपूर्ण घासून काढला, मग वेल्ड केला आणि म्हणाला, ''वरून भरला असता तर दिसला छान असता. पण आतून चालतच राहिला असता.'' हे वाक्य मी तेव्हाच नीट ऐकायला हवं होतं.

फ्रेमला पावडर कोटिंग. त्याआधी 'सेव्हन टँक', म्हणजे तेल काढणं, गंज काढणं, धुणं, फॉस्फेटिंग वगैरे सात टाक्यांचा प्रवास. मग पावडर मारून १८० ते २०० अंशांच्या भट्टीत. पायडलच्या अॅक्सलच्या चुड्यांना मात्र आधी टेप लावून घ्या, नाहीतर आतही पावडर बसते आणि बेअरिंगचा कप जागेवर जातच नाही. हँडलचा क्रोम मी वाचवला. वरवरच्या गंजासाठी ओला करून चुरगाळलेला अॅल्युमिनियम फॉइलचा बोळा घासला. जिथं खोल होता तिथं ऑक्झॅलिक अॅसिडचं सौम्य द्रावण, हातमोजे घालून, कारण ते विषारी आहे. क्रोमचा वरचा थर एका मायक्रॉनपेक्षाही कमी असतो. खरं संरक्षण खालच्या निकेलचं. निकेलला भोक पडलं की गंज आतून पसरतो. माझ्या हँडलला तीन-चार टिपके राहिले. राहू दिले.

अॅनोडायझिंगसाठी शेवटी एक भला फोरमन भेटला. स्वतःच्या लहानपणी सायकलच्या दुकानात काम केलेला. म्हणाला, ''निळ्याची बॅच लागेल तेव्हा कोपऱ्यात टांगतो. पण जुना थर तुम्ही काढून, बफिंग करून आणा. आणि ब्रेकचे पार्ट म्हणताय, तर सांभाळून.''

चाळीस मिनिटं

आता ते सांगते, जे सांगायला हा कॉलम लिहितेय.

मामा जुना रेल्वेवाला. सायकल आली त्याच दिवशी त्यानं पंच आणि हातोडी घेऊन प्रत्येक पार्टवर बारीक अक्षरांत दादाच्या नावाची दोन अक्षरं आणि क्वार्टरचा नंबर, ४७, ठोकला होता. चोरी होऊ नये म्हणून. दोन्ही लिव्हरच्या आतल्या बाजूला ते होतं. डाव्या लिव्हरच्या टोकाला आणखी एक गोष्ट होती: एक लांब तिरका ओरखडा. १९९८ चा मे महिना, रेल्वे कॉलनीतला उतार, मी आठ वर्षांची. त्याच पडण्याची खूण माझ्या डाव्या गुडघ्यावर आहे. मला उचलून मामानं आधी माझा गुडघा बघितला, मग सायकल. मामीनं यावर त्याचं जाम कौतुक केलं होतं. उलट क्रम असता तर घरात राहू दिलं नसतं, म्हणाली.

शिरूरच्या अंगणात, आईची जुनी बादली, कोमट पाणी, कॉस्टिक सोडा. गॉगल, हातमोजे, सगळं व्यवस्थित. आधी डावी लिव्हर. अंदाज होता पाच मिनिटांचा. बुडबुडे यायला लागले, निळा-जांभळा रंग धुरासारखा सुटायला लागला. भन्नाट दिसत होतं! तेवढ्यात ऑफिसचा फोन. रिलीज अडकली होती. 'दोन मिनिटं' म्हणून आत गेले, लॅपटॉप उघडला. बाहेर आले तेव्हा चाळीस मिनिटं झाली होती.

लिव्हर काळी पडलेली. धुतली तर पृष्ठभाग देवीच्या व्रणांसारखा. अक्षरं बोथट झाली होती, पण दिसत होती. इथं थांबले असते तर काही उरलं असतं. पण मला ते खड्डे बघवेनात. दुसऱ्या दिवशी बफिंगवाल्याकडे नेली आणि म्हटलं, ''एकदम आरसा करा.'' त्यानं केला. आरशासारखी लिव्हर हातात आली. ४७ नाही, अक्षरं नाहीत, ओरखडा नाही. वर जिथून ती पिनवर फिरते ते भोकही मोठं झालेलं. हलवली की खुळखुळ. म्हणजे ब्रेकसाठी ती कायमची बाद.

अॅनोडायझिंग तरीही करून आणलं. क्लॅम्पला रंग अप्रतिम बसला, वॉलपेपरसारखा. लिव्हरचा निळा थोडा वेगळा आला, कारण दोघांचा अॅलॉय वेगळा, आणि एकाच टाकीतून दोन अॅलॉय दोन छटा घेऊन येतात. बाजारातून घेतलेला एक साधा ओतीव स्टेम मी हौसेनं बॅचमध्ये घुसवला होता, तो तर करडा-काळपट डागाळून आला. ओतीव अॅल्युमिनियममध्ये सिलिकॉन जास्त असतं. सिलिकॉनचं ऑक्साइड असं बनत नाही, ते डागच होऊन बसतं. फोरमननं आधीच मान हलवली होती.

फिटरचा निकाल

दौंडला जाताना न्हावरा, मग भीमा ओलांडून चौफुला, या सगळ्या रस्त्यात मी वाक्यं जुळवत होते. 'मामा, एक छोटा प्रॉब्लेम झालाय.' 'मामा, दिसते मात्र नवीकोरी.' तुम्हीच म्हणाला होतात ना?

त्यानं लिव्हर हातात घेतली. चष्मा वर करून डोळ्यांजवळ नेली. अंगठा आतल्या बाजूला, जिथं नंबर होता तिथं फिरवला. पुन्हा फिरवला. मला वाटलं, आता बोलेल. तो म्हणाला, ''चकचकीत झालीय.''

मी म्हटलं, ''मामा, पंच आहे ना तुमच्याकडे. पुन्हा ४७ मारू या.''

''क्वार्टर सोडून किती वर्षं झाली. आता कशाचा नंबर मारू?''

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. थोड्या वेळानं तोच म्हणाला, ''उजवीला हात लावू नको. आणि रिमलाही. पुसून घे फक्त.'' नवीकोरी हवी म्हणणारा तोच. मामी आतून म्हणाली, ''हे मे महिन्यातच सांगायचं होतं.''

त्यानंतर मी कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांच्या सायकल म्युझियममध्ये जाऊन आले. २०१७ पासून ते लोकांसाठी खुलं आहे. पुण्यात राहून इतकी वर्षं गेले नव्हते, हा माझा करंटेपणा. एके काळच्या या सायकलींच्या शहरात जुन्या सायकलींसमोर उभं राहिलं की नजर आपोआप झिजलेल्या जागी जाते. ग्रिपवर, पायडलवर, सीटच्या कडेला. माणूस तिथं असतो. मी नेमकी तीच जागा आरसा करून आले होते.

म्हणून सांगते, रीफिनिशिंग वाईट नाही. माझी फ्रेम गंजून मेली असती, तडा वाढून कुणाचा तरी दात पडला असता. पोलादावरचा रंग पुन्हा चढतो, मुलामा पुन्हा होतो. पण अॅनोडाइज्ड पार्टचा जुना रंग काढायच्या आधी स्वतःला एकदा विचारा: हे 'मळलेलं' आहे की 'वापरलेलं'? मळ निघतो. वापर काढला, तर त्यासोबत आणखी काय जाईल ते सांगता येत नाही. विटका निळा हाही शेवटी अडतीस उन्हाळ्यांचा रंग आहे. तो कुठल्याच टाकीत मिळत नाही.

करायचंच असेल तर...

• चुंबक लावा. चिकटलं तर अॅनोडायझिंग विसरा. क्रोम, झिंक किंवा पावडर कोटिंग.

• आधी फोटो, मग पाना. सगळ्या बाजूंनी, उजेडात. नंबर, शिक्के, ठोकलेली अक्षरं यांचे जवळून.

• झाकलेली जागा बघा. क्लॅम्पखाली, वॉशरखाली मूळ रंग असतो. नमुना म्हणून तोच दाखवा.

• आधी नुसतं धुवा. साबणपाणी, मऊ ब्रश, मग मेण. निम्म्या वेळा पुढं काही करायची गरजच पडत नाही.

• जोडीचे पार्ट एकाच बॅचला द्या. आज एक, पुढच्या महिन्यात दुसरा, असं केलं तर छटा जुळणार नाही.

• ब्रेक, स्टेम, क्रँक यांच्याशी प्रयोग नको. भोक सैल झालं, चुडी झिजली, तर पार्ट शोकेसमध्ये. सायकलवर नव्हे.

• घट्ट बोल्ट आणि स्प्रिंग प्लेटिंगला देताना विचारा. जास्त ताकदीचं पोलाद प्लेटिंगमध्ये हायड्रोजन शोषून ठिसूळ होऊ शकतं. त्यानंतर ते भट्टीत तापवून घ्यावं लागतं.

• अॅसिडचं काम अॅसिडवाल्याला. ज्याच्याकडे सांडपाण्याची सोय आहे अशालाच. मोरी ही सोय नाही.

• आणि फोन घरात ठेवून या. हे अनुभवाचे बोल.

दिवाळीत दादा आला. सायकल अंगणात उभी होती. काळी कुळकुळीत फ्रेम, टिपके असलेला क्रोम, गडद निळा क्लॅम्प, विटक्या जांभळ्या रिम. उजवीकडे जुनी लिव्हर, आत ४७. डावीकडे बाजारातून आणलेली साधी काळी. दादानं सायकलला एक फेरी मारली आणि काही न विचारता उजव्या लिव्हरच्या आत बोट घातलं. मग डाव्या. मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ''रिलीज होती रे.'' तो आयटीतलाच. पुढे काही बोलला नाही.

माझी ती चकचकीत, बाद लिव्हर मामाच्या पेटीत आहे, पंच आणि चुंबकाशेजारी. टाकून का देत नाही, असं मी विचारलेलं नाही.

भाचा मात्र खूश होता. त्याला ती नवी वाटली की जुनी, कोण जाणे. पहिल्या तासाभरातच तो गेटच्या खांबाला धडकला आणि डाव्या पायडलपासून फ्रेमवर वीतभर ओरखडा पडला. माझ्या नव्या पावडर कोटिंगवर! आम्ही सगळे धावलो. मामानं आधी त्याचा गुडघा बघितला. मग सायकल. मग म्हणाला, ''काय नाय झालं. चालव.''